अ‍ॅसिडने जळलेली अन्ननलिका आणि मोठ्या आतड्याची नळी: आता शस्त्रक्रिया करावी की अजून थांबावे?

पंचगंगाकाठ

सर्वांना नमस्कार. माझ्या धाकट्या भावाच्या शस्त्रक्रियेचा निर्णय येत्या महिन्याभरात घ्यायचा आहे, आणि तीन डॉक्टरांनी तीन वेगवेगळे सल्ले दिल्यामुळे घरातील सगळेच गोंधळून गेले आहेत. येथे या विषयातील जाणकार किंवा या प्रसंगातून गेलेले कोणी असल्यास कृपया सविस्तर लिहावे.

हुपरीत आमचे चांदीचे दागिने घडवण्याचे छोटे काम आहे आणि त्यासाठी अ‍ॅसिड लागते. सात महिन्यांपूर्वी रात्री उशिरा काम आवरताना भावाने पाण्याची म्हणून जी प्लास्टिकची बाटली तोंडाला लावली, तिच्यात कोणीतरी अ‍ॅसिड ओतून ठेवले होते. एक मोठा घोट पोटात गेला, दुसरा त्याने थुंकला. जवळच्या दवाखान्यात त्याला मिठाचे पाणी पाजून उलटी करवली गेली, आणि मगच मोठ्या रुग्णालयात नेण्यास सांगण्यात आले. दुसऱ्या दिवशी दुर्बिणीने तपासले तेव्हा अन्ननलिकेची जखम ‘तीन-अ’ दर्जाची, म्हणजे गंभीर, असल्याचे आणि जठराचा खालचा भाग काळा पडल्याचे सांगितले. सुदैवाने कुठे भोक पडले नव्हते.

पहिले तीन आठवडे तो पातळ पदार्थ घेत होता. त्यानंतर एकेक पदार्थ अडू लागला आणि दीड महिन्याने पाण्याचा घोटही उतरेना, तेव्हा पोटातून लहान आतड्यात नळी बसवली. आजवर नऊ वेळा डायलेटेशन, म्हणजे आकसलेली अन्ननलिका आतून ताणून रुंद करणे, झाले आहे. दर वेळी नऊ-दहा मिलिमीटरपर्यंत ती रुंद होते, आठवडाभर तो पेज पितो आणि दहा-बारा दिवसांत पुन्हा पहिल्यासारखे होते. शेवटच्या खेपेस संध्याकाळी छातीत कळा येऊन ताप चढला आणि सीटी स्कॅनमध्ये बारीक छिद्र दिसले. आठ दिवस शिरेतून औषधे देऊन ते भरून आले, पण तेव्हापासून आईने डायलेटेशनचे नाव काढू दिलेले नाही.

अहवालाप्रमाणे दोन ठिकाणी आकुंचन आहे: एक दातांपासून १८ सेंटीमीटरवर आणि दुसरे छातीच्या मध्यापासून खालपर्यंत लांबलचक. जठराचे खालचे तोंडही चिंचोळे झाले आहे. वजन ६२ किलोंवरून ४४ वर आले आहे. त्याची लाळसुद्धा खाली उतरत नाही, म्हणून तो झाकणाचा एक स्टीलचा डबा सतत जवळ बाळगतो. रात्री आम्ही जेवायला बसलो की तोही पंगतीत बसतो, मटणाचा तुकडा चावून चावून त्याची चव घेतो आणि डब्यात थुंकतो. आई त्या वेळी स्वयंपाकघरात निघून जाते.

एका सर्जनांनी मोठ्या आतड्याचा तुकडा छातीच्या हाडामागून गळ्यापर्यंत नेऊन नवी वाट करावी आणि जुनी अन्ननलिका आहे तशी ठेवावी असे सुचवले. दुसऱ्यांच्या मते जळलेली अन्ननलिका काढूनच टाकायला हवी, कारण पुढे तिच्यात कर्करोग होऊ शकतो. तिसरे म्हणतात की आणखी सहा महिने डायलेटेशन करत राहावे. आम्हाला समजून घ्यायचे आहे ते असे की वाट पाहण्यात काही लाभ आहे का, जठर सोडून आतडेच का वापरायचे, जुन्या अन्ननलिकेचे काय करावे, आणि या शस्त्रक्रियेनंतर माणूस खरोखर जेवू शकतो का.

शल्यक

नमस्कार. मी पचनसंस्थेच्या शस्त्रक्रिया करतो आणि अशा रुग्णांशी माझा नेहमीचा संबंध आहे. प्रत्यक्ष रुग्ण आणि स्कॅन न पाहता निर्णय सांगणे योग्य होणार नाही, त्यामुळे माझे लिहिणे तुम्हाला तुमच्या सर्जनांशी नीट बोलता यावे एवढ्यासाठी आहे.

आधी उलटीविषयी, कारण हे इतरही वाचतील. अ‍ॅसिड किंवा कॉस्टिक सोडा पोटात गेल्यावर कधीही उलटी करवू नये. तेच द्रव्य त्याच मार्गाने वर येते आणि अन्ननलिका दुसऱ्यांदा भाजते, शिवाय ते श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. अ‍ॅसिडवर सोडा किंवा सोड्यावर लिंबू पाजण्यानेही नुकसानच होते. तोंडातले थुंकून पाण्याने चूळ भरावी आणि रुग्णाला सरळ दुर्बिणीची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. पहिल्या एक-दोन दिवसांत दुर्बिणीने जखमेचा दर्जा ठरवतात. तुमच्या भावाच्या अहवालातील ‘तीन-अ’ हा शब्द झारगर यांच्या वर्गीकरणातला आहे, आणि ते वर्गीकरण चंदीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेतील रुग्णांच्या अभ्यासातून १९९१ मध्ये पुढे आले. ‘दोन-ब’ आणि त्यापुढच्या दर्जाच्या जखमांमध्ये बहुतेकांची अन्ननलिका पुढे आकसते, तेव्हा जे घडले ते उपचारांत कसूर झाल्यामुळेच घडले असे मनाला लावून घेऊ नका.

आता जठराचा प्रश्न. क्षार आणि अ‍ॅसिड वेगवेगळ्या तऱ्हेने जाळतात. कॉस्टिक सोडा मांस विरघळवत खोल शिरतो, तर अ‍ॅसिडने वरचा थर गोठून त्याची खपली होते आणि ती खपली खाली झिरपणाऱ्या अ‍ॅसिडला थोडीफार अडवते. मात्र अ‍ॅसिड अन्ननलिकेतून भरकन उतरून जठरात साचते, जठराचे खालचे तोंड आवळून धरले जाते, आणि मग सगळा दाह त्या खालच्या भागात होतो. चांदीच्या कामातले तीव्र अ‍ॅसिड दोन्ही अवयवांना सोडत नाही, आणि तुमच्याकडे नेमके तेच झालेले दिसते. एरवी जठराची नळी करून ती गळ्यापर्यंत ओढणे ही सर्वांत सुटसुटीत शस्त्रक्रिया आहे, कारण तिच्यात एकच जोड असतो आणि रक्तपुरवठा भक्कम असतो. पण त्या नळीला लागते अखंड, मऊ, पुरेशा लांबीचे जठर, आणि तिला रक्त देणारी धमनी जठराच्या मोठ्या वळणाच्या कडेने, जळालेल्या भागाजवळूनच जाते. जठर आकसलेले असताना ही शस्त्रक्रिया ओढूनताणून करण्यात शहाणपण नसते.

म्हणून मोठे आतडे. त्याची लांबी हवी तेवढी मिळते, आम्लाला ते बऱ्यापैकी तोंड देते, आणि त्याच्या कडेने रक्तवाहिन्यांची एक सलग कमान जात असल्याने एकाच मुख्य धमनीवर वीत-दीड वीत नव्हे, तर पोटापासून गळ्यापर्यंत पुरेल एवढा तुकडा जिवंत ठेवता येतो. ही कल्पना नवी नाही. स्वित्झर्लंडच्या सेझार रू यांनी १९०७ मध्ये लहान आतडे वर नेऊन अन्ननलिकेला पर्याय उभा केला होता, आणि १९११ मध्ये केलिंग व व्हुलिए यांनी मोठ्या आतड्याचा मार्ग दाखवला.

शस्त्रक्रियेत खरा कस लागतो तो आतडे कापण्याआधीच्या अर्ध्या तासात. पोट उघडल्यावर सर्जन मोठे आतडे सुटे करून दिव्यासमोर धरतो आणि पडद्यासारख्या पातळ आवरणातून रक्तवाहिन्यांची कमान कुठे तुटलेली तर नाही ना, हे पाहतो. मग ज्या धमन्या पुढे कापायच्या आहेत त्यांना नुसते बारीक चिमटे लावून दहा-पंधरा मिनिटे थांबतो. एवढ्या वेळात आतड्याच्या टोकाचा गुलाबी रंग टिकला आणि तिथली नाडी बोटाला लागत राहिली, तरच धमनी कापायची. रंग काळसर झाला तर चिमटे सोडून दुसरी बाजू निवडायची. धमनीइतकीच शीरही महत्त्वाची असते, कारण वर नेताना तिला पीळ बसला तर आत आलेले रक्त परत जाऊ शकत नाही आणि आतडे निळे पडून सुजते. अन्न पुढे सरकण्याची आतड्याची जी मूळ दिशा असते तीच कायम राहील अशा रीतीने तुकडा ठेवतात. त्याचा वरचा जोड गळ्यात, खालचा जोड जठराच्या निरोगी भागाशी किंवा जठर अगदीच खराब असल्यास लहान आतड्याशी, आणि उरलेल्या मोठ्या आतड्याची दोन टोके एकमेकांशी, असे तीन जोड होतात. तुमच्या भावाच्या जठराचे तोंड चिंचोळे असल्याने जठर रिकामे होण्याची वेगळी वाटही त्याच वेळी करावी लागेल. हे सगळे मिळून सहा ते आठ तास सहज लागतात.

वाट पाहावी का, याचे माझे उत्तर दोन भागांत आहे. जखमेचा व्रण पक्का होईपर्यंत, म्हणजे किमान सहा महिने, ही शस्त्रक्रिया करू नये, कारण तोपर्यंत घशाकडील भाग आकसतच असतो आणि आज रुंद केलेला जोड उद्या चिंचोळा होतो. ही मुदत तुम्ही पार केली आहे. डायलेटेशनबाबत आम्ही असे मानतो की पंधरा-पंधरा दिवसांनी पाच वेळा प्रयत्न करूनही अन्ननलिका १४ मिलिमीटरपर्यंत रुंद होत नसेल, तर ती डायलेटेशनला दाद देत नाही. तुमच्याकडे नऊ वेळा झाले, दहाच्या पुढे मजल गेली नाही, आकुंचन लांब व दुहेरी आहे आणि एकदा छिद्रही पडले. अशा रुग्णाचे आणखी सहा महिने डायलेटेशन करत राहण्यात मला काही हाती लागेलसे वाटत नाही.

तरीही पुढच्या महिन्यात शस्त्रक्रिया करा असे मी म्हणणार नाही, ते वजनामुळे. ६२ चे ४४ झालेल्या शरीरात टाके धरत नाहीत. पोटातल्या नळीतून रोज १८०० ते २००० कॅलरी आणि वजनाच्या दर किलोमागे सुमारे दीड ग्रॅम प्रथिने जायला हवीत, आणि हे दोन महिने नेमाने झाले तर वजन पन्नाशीच्या आसपास येते. सिरिंजने भराभर ढकलले तर जुलाब होतात आणि घरचे लोक घाबरून प्रमाण कमी करतात. बाटली टांगून थेंबाथेंबाने, दिवसाचे चौदा-पंधरा तास दिले तर तेच अन्न पचते. आहारतज्ज्ञांकडून तक्ता लिहून घ्या आणि दर आठवड्याचे वजन भिंतीवर लिहीत जा.

तुमच्या लिहिण्यात एका तपासणीचा उल्लेख नाही, आणि माझ्या दृष्टीने सगळ्या नियोजनाची किल्ली तीच आहे. नाकातून बारीक दुर्बीण घालून घसा, स्वरयंत्र आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या खळग्या जळाल्या आहेत का, हे कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून पाहून घ्या. अन्ननलिका दातांपासून साधारण पंधरा-सोळा सेंटीमीटरवर सुरू होते. आकुंचन १८ वर असेल तर त्याच्यावरचा दोन-तीन सेंटीमीटरचा निरोगी भाग जोडासाठी मिळू शकेल, आणि तसे असेल तर भाऊ पुष्कळ सुदैवी आहे. घसाच जळलेला असेल तर जोड थेट घशाला द्यावा लागतो, मग अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका वाढतो आणि गिळणे नव्याने शिकायला कित्येक महिने लागतात. वरची बाजू नीट न तपासता केलेली सुंदर शस्त्रक्रियासुद्धा रुग्णाला जेवू घालू शकत नाही, हे मी जवळून पाहिले आहे.

जुन्या अन्ननलिकेबाबत तुम्हाला मिळालेली दोन्ही मते प्रामाणिक आहेत. जळलेल्या अन्ननलिकेत कर्करोग होण्याची शक्यता सर्वसाधारण माणसापेक्षा कित्येक पटींनी जास्त असते, पण तो बहुधा तीस-चाळीस वर्षांनी उद्भवतो. शिवाय दोन्ही टोके बंद करून ठेवलेल्या अन्ननलिकेत स्राव साचून फुगवटा येऊ शकतो आणि पुढे दुर्बीण घालून तिची पाहणी करता येत नाही. दुसऱ्या बाजूला, दाहामुळे ती अन्ननलिका श्वासनलिकेला आणि मोठ्या रक्तवाहिन्यांना चिकटलेली असते, आणि ती सोडवताना रक्तस्राव, श्वासनलिकेला इजा किंवा आवाजाच्या नसेला धक्का बसू शकतो. भाऊ तरुण आहे, त्यामुळे ती काढण्याकडे कल असणे समजू शकते. तरी छिद्र पडून भरलेल्या छातीत चिकटाव अधिक असणार, म्हणून मी स्वतः ती न काढता छातीच्या हाडामागून नवी वाट करण्याच्या बाजूने झुकेन. स्कॅन पाहिलेल्या सर्जनांचे मत वेगळे असेल तर ते माझ्या मतापेक्षा मोलाचे माना.

धोकेही स्पष्ट सांगतो. गळ्यातल्या जोडातून लाळ गळणे ही बरीच दिसणारी गोष्ट आहे आणि ती बहुधा आपोआप भरते, मात्र गळती झालेला जोड पुढे आकसण्याची शक्यता वाढते आणि त्याला डायलेटेशन लागते. हे डायलेटेशन आधीच्यापेक्षा पुष्कळ सोपे असते. वर नेलेल्या आतड्याचा रक्तपुरवठा तुटून ते मरणे ही सर्वांत गंभीर गोष्ट. ती क्वचित होते, पण झाल्यास तो तुकडा तातडीने काढावा लागतो. म्हणून रुग्णालय निवडताना तुमच्याकडे अशा शस्त्रक्रिया वर्षाला किती होतात, हे संकोच न करता विचारा.

सोनचाफा

दादा, तुमच्या भावाच्या त्या डब्याबद्दल वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही. असाच एक डबा माझ्या उशाशी अकरा महिने होता.

माझी शस्त्रक्रिया सहा वर्षांपूर्वी मुंबईत झाली. तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. माझ्या बाबतीत तो अपघात नव्हता, आणि हे आज लपवावेसे मला वाटत नाही, कारण येथे वाचणाऱ्यांत माझ्यासारख्या मुलीचे आईवडीलही असतील. शस्त्रक्रियेची तारीख देण्यापूर्वी सर्जनांनी मला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले होते, तेव्हा मला तो अपमान वाटला होता. पुढे कळले की त्या दोन महिन्यांच्या उपचारांमुळेच मी ही शस्त्रक्रिया झेपवू शकले. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ प्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या व्यक्तीला गुन्हेगार न मानता ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरतात, आणि तिला उपचार देणे हे शासनाचे कर्तव्य आहे. पोलिसांच्या भीतीने घरच्यांनी मला आणण्यात उशीर केला होता, म्हणून हे मुद्दाम लिहिते. तुमच्या भावाचा अपघात असला तरी सात महिने घास न गिळता काढलेल्या माणसाचे मन खचलेलेच असते. तो बोलत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मराठीत बोलता येते. मी अजूनही कधीकधी तेथे फोन करते.

आता शस्त्रक्रियेनंतरचे. मी पाच दिवस अतिदक्षता विभागात होते आणि एकूण तेवीस दिवस रुग्णालयात. सातव्या दिवशी गळ्याच्या टाक्यांतून लाळ येऊ लागली. पांढरे कापसाचे पॅड दिवसातून सहा-सात वेळा भिजायचे, आणि सगळे फुकट गेले असे समजून मी रडत होते. सिस्टर मात्र रोज पॅडांची संख्या कागदावर लिहायच्या. सात, सहा, सहा, चार, असे करत सतराव्या दिवशी एकही पॅड भिजले नाही. मग औषध पाजून क्ष-किरण काढले आणि जोड सुकल्याचे दिसल्यावर मला चमच्याने पाणी दिले. अकरा महिन्यांनी पाणी छातीमागून खाली उतरताना मला जाणवले. ते गार होते आणि हळू उतरत होते.

जेवता येते का, याचे उत्तर ‘होय’ असेच आहे, पण जेवणाची रीत बदलते. आतड्याला अन्ननलिकेसारखा जोर नसतो आणि अन्न बहुतेक स्वतःच्या वजनाने उतरते, म्हणून मी ताठ बसून जेवते आणि जेवल्यावर घरातल्या घरात फिरते. एका वेळी अर्धी पोळी, वाटीभर वरण-भात आणि भाजी, असे दिवसातून सहा वेळा. घाईत खाल्ले की गळ्याच्या खालच्या भागात फुगवटा दिसतो आणि गुडगुड आवाज येतो. तेव्हा मी तळहाताने तो भाग हळूच खाली दाबते आणि घास उतरतो. पहिल्या वर्षी चारचौघांत याची लाज वाटायची, आता माझ्या ऑफिसमधल्या मैत्रिणींना ते माहीत आहे. गोड पदार्थ रिकाम्या पोटी खाल्ला की घाम फुटून छातीत धडधडते, त्यामुळे जिलबी मी जेवणानंतर आणि एकच खाते. रात्री आडवे झाल्यावर पोटातले वर येते, म्हणून पलंगाच्या उशाकडील पायांखाली विटा लावल्या आहेत आणि झोपण्याआधी तीन तास मी काही खात नाही. जोड आकसल्यामुळे पहिल्या वर्षात चार वेळा डायलेटेशन झाले, त्यानंतर एकदाही नाही. पोटातली नळी तीन महिन्यांनी काढली.

पैशांबाबत एक गोष्ट. आमच्याकडे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून मंजुरी मिळाली होती. रुग्णालयातल्या आरोग्यमित्रांना, म्हणजे या योजनेच्या मदतनिसांना, शस्त्रक्रियेची तारीख ठरण्याआधीच भेटा. जुने सगळे दुर्बिणीचे अहवाल आणि शिधापत्रिका बरोबर ठेवा, कारण मंजुरीला वेळ लागतो.

घास-अभ्यासक

मी वाणी आणि गिळण्याच्या विकारांवर काम करते, म्हणून एवढ्याच एका बाजूविषयी लिहिते.

तुमचा भाऊ मटण चावून थुंकतो हे वाचून मला समाधान वाटले. आईंना सांगावे की ती केविलवाणी गोष्ट नाही. महिनोन्महिने तोंडाने न खाल्लेली माणसे चावणे आणि घास जिभेने मागे नेणे विसरू लागतात, जबडा कमी उघडतो, आणि नंतर उत्तम शस्त्रक्रिया होऊनही घास तोंडात घोळत राहतो. त्याचे हे चावणे म्हणजे नकळत चाललेला सरावच आहे. त्याने तो रोज करावा आणि आईने शक्य असल्यास त्याच्याजवळ बसावे. फक्त एकही कण मागे सरकू न देण्याची काळजी घ्यावी, कारण बंद वाटेवर अडलेला कण श्वासनलिकेकडे वळू शकतो. दोन वेळा दात घासणे आणि चूळ भरणेही आवश्यक आहे, कारण साचलेली घाण लाळ फुप्फुसात गेल्यानेच अशा रुग्णांना निमोनिया होतो.

शस्त्रक्रियेआधी एक गोष्ट शिकवता येते. श्वास घ्यायचा, तो रोखून धरायचा, त्याच अवस्थेत गिळायचे, आणि पुन्हा श्वास घेण्याआधी एकदा खोकायचे. श्वास रोखल्याने स्वरयंत्राचे दार मिटते आणि खोकल्याने त्यावर राहिलेला थेंब दूर होतो. सध्या त्याने हे गिळण्याच्या नुसत्या कृतीने, तोंडात काही न घेता करावे. नंतर जोड घशाजवळ आला तर हीच सवय त्याचा बचाव करील. गळ्यावर टाके असताना हे नव्याने शिकणे फार अवघड जाते. हनुवटी छातीकडे झुकवून गिळण्याचाही काहींना उपयोग होतो, पण ते प्रत्येकाला लागू पडत नाही, म्हणून क्ष-किरणाच्या पडद्यावर गिळणे पाहूनच ठरवावे. आवाज घोगरा झाला असेल किंवा पाण्याने ठसका लागत असेल तर शल्यक यांनी सांगितलेल्या नाकातील दुर्बिणीच्या तपासणीला एक दिवसही उशीर करू नका.

पंचगंगाकाठ

आपण तिघांनी जे लिहिले ते मी काल रात्री घरात मोठ्याने वाचून दाखवले. आई या वेळी उठून गेली नाही. भावाने सोनचाफा ताईंचा मजकूर स्वतःच्या हातात घेऊन पुन्हा वाचला आणि त्यातल्या पॅडांच्या हिशेबावर बराच वेळ थांबला.

सोमवारी कोल्हापुरात कान-नाक-घसा तज्ज्ञांची वेळ घेतली आहे. नळीतून आजवर आम्ही दर तीन तासांनी सिरिंजने पाऊण वाटी देत होतो, आणि जुलाब झाले की बंद करत होतो. त्यामुळे वजन का वाढत नव्हते ते आता समजले. आजपासून बाटली टांगली आहे. कारखान्यात अ‍ॅसिडसाठी आता काचेची निळी बरणी आणि कुलपाचे कपाट केले आहे, शेजारच्या चार कारखान्यांनाही तसे करायला सांगितले आहे.

शल्यक यांना एक विचारायचे राहिले. डायलेटेशन पूर्ण बंद करायचे का? आणि भावाने ताईंना विचारायला सांगितले आहे की भाकरी खाता येते का.

शल्यक

शस्त्रक्रियेपर्यंत पूर्ण रुंदीसाठी झटण्याची गरज नाही, पण लाळ उतरण्यापुरती वाट मोकळी राहिली तर रात्रीचा ठसका कमी होतो. छिद्र भरून सहा आठवडे झाल्यानंतर, क्ष-किरणाच्या पडद्यावर पाहत, बारीक मापानेच आणि तेही तुमच्या डॉक्टरांना सुरक्षित वाटले तर करावे. त्यानंतर छातीत कळ, ताप किंवा मानेच्या कातडीखाली दाबल्यावर चरचर जाणवली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा. घशाच्या तपासणीचा अहवाल आल्यावर येथे जरूर कळवा. आतड्याच्या रक्तवाहिन्यांचा सीटी अँजिओग्राम काढायचे ठरले तर तोही कळवा.

सोनचाफा

भाऊला सांगा, येते. पहिले सहा महिने गरम दुधात कुस्करून, मऊ लापशीसारखी. नंतर रश्श्यात भिजवून. ज्वारीची कोरडी भाकरी आणि ठेचा मी दोन वर्षांनी खाल्ला, पाव भाकरीला चाळीस मिनिटे लागली. अजूनही तेवढीच लागतात.